निवडण

देवणगावच्या ‘चावडी’वर लोक जे काही लिहीत, ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तुरीच्या डाळीच्या रूपात पोत्यांतून निवडायला येई. टेम्पो जुन्या डाळमिलच्या शेडपाशी थांबे, हमाल बारा-पंधरा पोती उतरवत, आणि चार बायका सुपं घेऊन बसत. नको असलेले विषय वेचून बाजूला काढायचे आणि स्वच्छ डाळ चार वाजेपर्यंत चाड्याच्या नरसाळ्यात ओतायची, एवढंच काम. ओतलेली डाळ दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या फोनवर वाचायला मिळे. चावडी ही देवणगाव तालुक्याची ऑनलाइन गप्पांची जागा होती आणि तिथं काय बोलू नये याची तेवीस विषयांची यादी शेडच्या भिंतीवर डकवलेली होती.

चौघींपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं. त्याची गरजही नव्हती. जाहिरात फोलपटासारखी असे, सूप एकदा झटकलं की आपोआप पुढं उडून पडे. राजकारण म्हणजे खडा, तो बोटाला लगेच लागतो. भांडणाची डाळ किडकी, आतून पोकळ. खरी पंचाईत होती ती विषय क्रमांक सातची. सात म्हणजे हरवलेल्या माणसांची चौकशी. सकाळी चहा पिताना असलं वाचलं की दिवस खराब जातो, अशी वाचकांची तक्रार आल्यामुळं समितीनं हा विषय यादीत घातला होता. ही डाळ दिसायला अगदी चांगल्या डाळीसारखी. तोच रंग, तोच आकार. फक्त तळहातावर घेतली तर किंचित कोमट लागे. ती बरोबर ओळखणारी बाई शेडमध्ये एकच होती, ती म्हणजे केवळाबाई.

केवळाबाई डाळमिलमध्ये वीस वर्षं निवडायला होती. मिल बंद पडली, शेड चावडीनं भाड्यानं घेतली, तशी ती तिथंच नऊ वर्षं चावडीची डाळ निवडत होती. या एकोणतीस वर्षांत तिच्या सुपातून खडा गेला नव्हता. मुकादम नव्या माणसाला शेड दाखवायला आणी तेव्हा आधी केवळाबाईचे हात दाखवी, मग चाडं. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. शेजारी बसणाऱ्या गयाबाईला मोतीबिंदू झालेला, तिचा ढीग कायम कच्चा राही. केवळाबाई आपलं पोतं संपवून गयाचा ढीग पुन्हा हाताखालून घाली, म्हणून गयाची नोकरी टिकून होती.

काढलेल्या डाळीला निवडण म्हणत. निवडण बायकांनी घरी न्यायची ही मिलच्या वेळची चाल, तीच पुढं चालू राहिली. संध्याकाळी मापट्यानं चार वाटे होत. घरी ती धुऊन शिजवली आणि चावली की कुणी काय लिहिलं होतं ते खाणाऱ्याला कळे. अर्थात डाळ ती, दाण्याच्या दोन फाकी वेगळ्या झालेल्या, वर चुरी आणि कणी. त्यामुळं कळे ते तुकड्यातुकड्यानं. निवडणाऱ्या बायकांच्या गल्लीत लोक म्हणूनच हळू जेवत. खाताना ऐकलेलं शेडमध्ये बोलायचं नाही असा नियम होता, कारण बोललेलं पुन्हा डाळीवर बसतं आणि निवडायचं काम वाढतं.

केवळाबाई मात्र आपला वाटा गयाला देऊन टाकी. ती डाळ खात नव्हती. अकरा वर्षं तिनं वरणाला तोंड लावलं नव्हतं.

त्याचं कारण होता तिचा भाऊ, लिंबराज. तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी धाकटा, तिनंच कडेवर वागवलेला. आई गेली तेव्हा मिलचा हंगाम भरात होता आणि तेव्हाच्या मुकादमानं केवळाबाईला दुपारपर्यंत सोडलं नाही. ती माहेरी पोचली तेव्हा लोक नदीवरून आंघोळ करून परत येत होते. लिंबराज दारात उभा होता. तो तिच्याकडं बघून म्हणाला, “सुपातली डाळ संपली का?” एवढंच. तेराव्याला गोडाचं जेवण झालं आणि तो पिशवी घेऊन कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. त्या दिवशी केवळाबाईनं देवापुढं हात जोडून डाळ सोडली. भाऊ दारात येईल त्या दिवशी खाईन, म्हणाली. लोक आवडीची वस्तू सोडतात, तशी तिनं सोडली. वरणभातावर तिचा फार जीव होता.

एका मंगळवारी घरी परतताना गया म्हणाली, “आक्का, एक सांगू का? शेडमदी बोलता येत न्हाई म्हनून हितं सांगते. आमच्या नातवानं काल जेवताना रडून घर डोक्यावर घेतलं.”

“का गं? पोट दुखायलंय?”

“न्हाई वं. त्यो छबूवाला आला वरनात. म्हैन्याला येतोय, पाच-सा वर्सं झाली. आमाला सवय हाय, पोराला न्हाई. म्हनतंय, आजी, छबू कोन? त्यो मानूस किती वाईट वाटून घ्यायलाय.”

केवळाबाई चालतच होती. छबू हे तिचं माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं आणि सासरच्या गावात ते कुणाला सांगायचं कामच पडलं नाही. पण छबू नावाच्या बायका तालुक्यात शंभर असतील, असा विचार करून ती म्हणाली, “काय म्हनतोय त्यो?”

“सारखं त्येच. बहिनीला हुडकायलाय. मी तिला दारात इचारलं, म्हनतो, सुपातली डाळ संपली का म्हनून. बोललो, म्हनतो, पर आता त्ये गिळता येत न्हाई.”

केवळाबाई रस्त्याच्या कडेला, सायकलच्या दुकानापुढच्या पायरीवर बसली. गयाला वाटलं चक्कर आली, म्हणून ती दुकानातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. केवळाबाई पाणी प्याली नाही. ती आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत होती. सहा वर्षं तो दर महिन्याला लिहीत होता, आणि दर महिन्याला याच हातांनी त्याला वेचून बाजूला काढलं होतं. आणि नेम म्हणून तिनं डाळ सोडली नसती, तर पहिल्याच महिन्यात तिला ते कळलं असतं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण दुकानात गिऱ्हाईक होतं.

“कुठनं लिवतोय, सांगितलं का त्यानं?” तिनं विचारलं.

“पत्ता देत न्हाई. हितंच, चावडीवर कळवा, म्हनतो. मिलच्या चाळीत जाऊन आलो, चाळ पाडलीय, छबू कुनाला ठावं न्हाई, म्हनतो.” गयानं तांब्यातलं पाणी तिच्या हातावर ओतलं. “आक्का, तू छबू हायेस व्हय?”

“व्हय,” केवळाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोती यायच्या आत ती मुकादमाकडं गेली. मुकादम भानुदास हा सभ्य माणूस होता. त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, भिंतीवरच्या यादीपाशी जाऊन सात नंबर पुन्हा वाचला आणि परत खुर्चीत येऊन बसला.

“केवळाबाई, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण त्याला उत्तर लिहिलं तर तेही सातातच येणार.”

“साहेब, मी कुठं हरवलेय? मी हितंच हाय.”

“तुम्ही सापडलात हे मान्य. पण यादीत ‘हरवलेल्या माणसांची चौकशी व तदनुषंगिक मजकूर’ असं आहे. सापडणं हे तदनुषंगिक झालं.”

“मग त्यात बदल करायला काय करावं लागंल?”

“समितीकडं अर्ज. समिती सगळे अर्ज चावडीवरच घेते. म्हणजे तुमचा अर्ज आधी पोत्यातून इथं येणार.” त्यानं भिंतीवरच्या यादीकडं हात केला. “आणि अर्ज सातबद्दल आहे, तर तो तुम्हीच काढणार. काढावाच लागेल. तुमच्या हाताला मी नावं ठेवू शकत नाही.”

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. उलट त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण त्यानं तिच्यासाठी चहा मागवला. पण नियम त्यानं केला नव्हता आणि मोडायचा अधिकारही त्याला नव्हता. केवळाबाईनं बशीतला चहा पिऊन टाकला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

अर्जाच्या भानगडीत न पडता त्या संध्याकाळी गयाची सून प्रतीक्षा हिनं आपल्या फोनवरून चावडीवर लिहिलं. केवळाबाई सांगत होती आणि ती टाइप करत होती. “लिंबा, छबू देवणगावात आहे. जुन्या डाळमिलच्या मागं, पाण्याच्या टाकीसमोर तिसरं घर. ये.”

“अजून काही लिहू का, मावशी? रागबिग नाही वगैरे?”

“नगं. जास्तीचं लिवलं की चुरा हुतो.”

गावातलं लिखाण टेम्पोत सगळ्यात शेवटी चढे, म्हणून ते शेवटच्या पोत्यात असे. शेवटचं पोतं केवळाबाईचं, कारण तिचा हात सगळ्यात भरभर चाले. म्हणजे गोष्ट सोपी होती. आपलं लिखाण आपल्याच सुपात येणार, आपण ते जाऊ द्यायचं. गुरुवारी दुपारी अडीच वाजता ते आलं. सूप हलवताना तिला ते उजवीकडं कोमट लागलं, आणि तेवढ्यात अंगठा आणि मधल्या बोटानं ते उचलून मागं टाकलं होतं. तिनं मागं वळून बघितलं. निवडणीच्या ढिगात ते कुठं गेलं ते आता ओळखू येत नव्हतं, कारण त्या ढिगात बहुतेक सगळीच डाळ कोमट होती.

त्यानंतर प्रतीक्षा रोज संध्याकाळी तेच पुन्हा लिहू लागली. शुक्रवारी केवळाबाईनं उजवा हात पदराखाली धरला आणि डाव्या हातानं सूप चालवलं. डाव्या हातानं ते उचलून टाकलं. शनिवारी तिनं डोळे मिटून निवडलं. हात डोळ्यांना विचारतच नव्हते. एकोणतीस वर्षं जे हात तिला जेवू घालत होते त्यांच्यावर तिला पहिल्यांदा राग आला, आणि त्या रागात तिनं सूप जमिनीवर आपटलं. बाकीच्या दोघींनी माना वर करून बघितलं आणि परत खाली घातल्या. मुकादमानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी शेड बंद होती. केवळाबाई गयाच्या घरी गेली. गया ओट्यावर मेथी निवडत होती, म्हणजे पानं टाकून देठ ठेवत होती, आणि सून तिच्या नकळत ती परत उलटी करत होती.

“गया, उद्या शेवटचं पोतं तू घे,” केवळाबाई म्हणाली.

“मला दिसत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला.”

“म्हनूनच.”

गयाचा हात थांबला. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “आक्का, तू माझा ढीग मागनं बघतीस म्हनून मी हाय. सातातलं एक जरी चाड्यात गेलं तर माझं सूप जमा. सून शिवनकाम करती तेवढ्यावर आमचं भागत न्हाई.”

“तुझ्यावर येऊ देनार न्हाई मी.”

“ते कसं?”

“ढिगावर पंजा माझा उमटंल.”

शेडमध्ये चाल होती की ढीग निवडून झाला की बाईनं त्याच्यावर आपला उजवा पंजा दाबायचा. पाच बोटांचा ठसा बघून मुकादमाला ढीग कुणाचा ते समजे आणि पुढं काही निघालं तर त्या बाईला जाब विचारता येई. आपला पंजा दुसऱ्याच्या ढिगावर कुणी कधी उमटवला नव्हता, त्यामुळं तसं करू नये असा नियमही नव्हता.

सोमवारी गयानं शेवटचं पोतं घेतलं. केवळाबाईनं आपलं काम दोनलाच संपवलं आणि गयाच्या शेजारी बसून राहिली. हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते. गया पाखडत होती, चाचपडत होती, खडे राहत होते, किडकी डाळ राहत होती. एकदा केवळाबाईला गयाच्या सुपातून ऊब आल्यासारखी वाटली आणि मांड्यांखालची बोटं वळवळायला लागली. तिनं अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकला. गयानं सूप ढिगावर ओतलं.

“झालं,” गया म्हणाली.

केवळाबाईनं हात बाहेर काढले. ते पांढरे पडले होते आणि त्यांना मुंग्या आल्या होत्या. तिनं उजवा पंजा त्या कच्च्या ढिगावर ठेवला आणि दाबला. असला ढीग आपल्या पंजाखाली तिनं आयुष्यात कधी बघितला नव्हता. तिला लाज वाटली, खरोखर वाटली, आणि तरीही तिनं पंजा उचलायची घाई केली नाही. मुकादमानं ठसा बघितला, ढिगाकडं बघितलं, मग परत ठशाकडं. मग हमालाला हात केला आणि डाळ चाड्यात गेली.

मंगळवारी सकाळी देवणगाव तालुक्यानं चहा पिताना एका बाईचा पत्ता वाचला. दुपारपर्यंत समितीकडं एकशे चार तक्रारी आल्या. कुणाला अस्वस्थ वाटलं होतं, कुणाचा चहा गार झाला होता, आणि एका निवृत्त तलाठ्यानं तर आपला बावीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला चुलता आठवून दिवसभर अंथरूण धरलं होतं. बुधवारी शेडवर एक्केचाळीस पोती आली. त्यातली तीस हाताला कोमट लागत होती.

मुकादमानं केवळाबाईला खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत ती त्याच्यापुढं पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

“खडा गेला, केवळाबाई.”

“व्हय. माझ्या ढिगातनं गेला.”

“ढीग कुणी निवडला ते मला दिसतं. पण मी पंजा बघतो.” त्यानं वही पुढं ओढली. “सूप जमा करावं लागेल.”

तिनं सूप टेबलावर ठेवलं. कडेला तिनं स्वतः शेण-मेथीनं सारवलेलं, दोनदा तारेनं बांधलेलं सूप होतं ते. मुकादमानं ‘एक सूप मिळाले’ अशी पावती लिहून दिली आणि ती उठली तेव्हा तोही उठून उभा राहिला. शेडमध्ये आता निवडणाऱ्या तिघी राहिल्या. गयाचा ढीग मागून बघणारं कुणी राहिलं नाही, पण तीस-तीस पोती कोमट यायला लागल्यावर कुणाचाच ढीग पक्का राहिना. समितीनं त्यावर विचार करायला उपसमिती नेमली.

लिंबराज नवव्या दिवशी आला. दुपारची वेळ होती. तो रस्त्याच्या कामावर रोलर चालवत होता, तिथूनच आला होता, आणि त्याच्या भुवयांवर धूळ होती. वयाच्या मानानं केस फार पिकले होते. तो दारात उभा राहिला, आत आला नाही. केवळाबाई चुलीपाशी होती. 

“बस उशिरा लागली,” तो म्हणाला.

“असू दे,” ती म्हणाली. “पाय धू.”

त्यानं पाय धुतले. ती आत गेली आणि मागच्या दारानं गयाच्या घरी गेली.  गयानं फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला आणि पुढं केला.

“तुझाच वाटा हाय, आक्का. सगळा खाल्ला न्हाई आमी. त्यो छबूवाला जास्त वाटला की ते मापटं बाजूला ठिवत हुते. पोरं जेवत न्हवती. जुनी डाळ हाय, येळ लागंल शिजायला.”

केवळाबाईनं ती डाळ निवडली नाही, नुसती धुतली. हात पाण्यात गेले तेव्हा पाणी कोमट झालं. डाळ शिजायला खरंच वेळ लागला. तोवर लिंबराज भिंतीला टेकून बसला आणि बोलत राहिला. कुठंकुठं रस्ते केले, कुठल्या गावचं पाणी मचूळ, रोलरचं इंजिन कसं थंडीत दगा देतं. आईबद्दल तो काही बोलला नाही. त्या दिवसाबद्दलही नाही. एकदोनदा त्याचं बोलणं मध्येच थांबलं, त्यानं तोंड उघडलं आणि मग पुन्हा रोलरचाच विषय काढला. केवळाबाईला कळत होतं की हे त्याच्यानं होणार नाही. लहानपणीही चूक झाली की तो गोठ्यात जाऊन बसे आणि जेवायच्या वेळी काही न झाल्यासारखा येई.

तिनं दोन ताटं वाढली. भात, वरण, वर तुपाची धार. लिंबराजनं आपल्या ताटाकडं बघितलं, मग तिच्या.

“तू डाळ सोडलीस, म्हनून सांगितलं मला टाकीपाशी एका बाईनं.”

“सोडली हुती,” ती म्हणाली. “जेव.”

त्यानं घास घेतला. एका जागी त्याच्या दाताखाली कचकन खडा आला. त्यानं तो बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवला. केवळाबाईच्या स्वयंपाकात खडा, हे त्याला खरं वाटलं नसावं. तो पुन्हा रोलरबद्दल सांगू लागला, बाभळगावच्या पुलावर मशीन कसं अडकलं ते.

केवळाबाईनं अकरा वर्षांनी वरणभाताचा पहिला घास घेतला. तिनं तो सावकाश चावला. लिंबराज समोर बसून पुलाबद्दल सांगत होता, आणि तिच्या तोंडात तोच लिंबराज, सहा वर्षांपूर्वीचा, पाच वर्षांपूर्वीचा, गेल्या पावसाळ्यातला, तुकड्यातुकड्यानं म्हणत होता की छबू, दारात मी तुला बोललो, तू धावत आली होतीस, तुझ्या केसांत डाळीचं फोल होतं, ते मी बघितलं होतं आणि तरी बोललो, चुकलो, आता ते गिळता येत नाही. तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत, कारण हात उष्टा होता.

“मग निघालं का मशीन?” तिनं विचारलं.

“निघालं. दोन दिवस लागले.”

केवळाबाईनं घास गिळला.

“अजून वाढू का?” ती म्हणाली.

“वाढ,” लिंबराज म्हणाला, आणि ताट पुढं केलं.